झग्याची बटणे

धर्मगुरूच्या झग्याला गळ्यापासून पायापर्यंत बटणे असतात. परंपरेप्रमाणे ती तेहतीस असावीत असे सांगतात. आमच्या शिंप्याने कापड आणि कष्ट वाचवून ती चौदावर आणली आहेत. सेमिनरी सोडल्यापासूनच्या तीस वर्षांत ही बटणे लावताना त्यांच्याकडे कधी लक्ष गेल्याचे आम्हांला आठवत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात एका पहाटे मात्र ती आमच्या ध्यानात आली. सहाच्या मिस्साची घंटा झाली तरी आम्ही चौथ्याच बटणाशी झटत होतो. बोटे जागेवर होती, दुखत नव्हती, थरथरतही नव्हती. केवळ बटण कोठे संपते आणि काज कोठे सुरू होते हे त्यांना कळेनासे झाले होते. जणू कुणी हातांवर पातळ मोजे चढवले होते.

आम्ही वयाला दोष दिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने दुसऱ्या कुणाला दोष द्यावा? पुढे स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आमचे अक्षर बिघडू लागले. आमच्या अक्षराची कौतुके पूर्वी होत असत. आता आमचीच सही आम्हांला परकी वाटू लागली. वेदीवर ओस्तिया मोडताना ती मधोमध मोडेना. एकदा चूळ भरण्यासाठी मान मागे टाकली, तेव्हा पाठीच्या कण्यातून पायांपर्यंत विजेची लहर गेली आणि आम्ही मोरीचा कठडा धरून उभे राहिलो.

डॉक्टरांकडे गेलो नाही असे नाही. ‘मानेचा स्पाँडिलोसिस’ हे निदान पहिल्याच भेटीत झाले. त्यानंतर आठ महिने आम्ही मानेला पट्टा, पाठीला शेक आणि आठवड्यातून तीनदा वजने टांगून मान ताणण्याचा उपचार घेतला. त्या आठ महिन्यांत एकाही वैद्यकीय हाताने आमच्या पायांची परीक्षा केली नाही. दुखणे मानेचे, मग पाय कशाला पाहायचे, असा तो हिशोब असावा. पुढे ज्या शल्यविशारदांनी आमचे निदान केले त्यांनी मात्र मानेला हात लावण्यापूर्वी आम्हांला खोलीत एका रेषेवर, टाचेला अंगठा टेकवत चालायला लावले. आम्ही तिसऱ्या पावलालाच भिंत धरली. मग त्यांनी दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडमीट करता येते ते मोजले. निरोगी माणूस वीस वेळा सहज करतो. आमचा आकडा चौदावर थांबला. मधल्या बोटाच्या नखाला त्यांनी टिचकी मारली, तर आमचा अंगठा आपण होऊन आत वळला. “फादर,” ते म्हणाले, “हे हाताचं दुखणं नाही. मानेत मज्जारज्जू दाबला जातोय. आणि ते वजन टांगणं आजपासून बंद.”

एम.आर.आय. आणि पाठोपाठ सी.टी. स्कॅन झाला. एम.आर.आय.मध्ये मज्जारज्जू दिसतो, तर सी.टी.मध्ये हाड स्पष्ट दिसते; या विकारात दोन्ही लागतात. त्या चित्रांत आम्हांला आमच्याच मानेतील एक गुपित दिसले. मानेच्या सात मणक्यांच्या मागील अंगाला, मज्जारज्जूच्या अगदी पुढे, वरून खाली फितीसारखा एक चिवट अस्थिबंध उतरतो. मणके एकमेकांना धरून राहावेत, मान प्रमाणाबाहेर वाकू नये, हे त्याचे काम. काही माणसांत हा अस्थिबंध हळूहळू हाडात रूपांतरित होतो आणि जाड होत मागे सरकतो. मागे करंगळीएवढा मज्जारज्जू, त्याच्या पलीकडे हाडाची कमान. सरकायला जागाच नाही. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून डॉक्टर या विकाराला ‘ओपीएलएल’ म्हणतात. आमच्या मानेत चौथ्या ते सहाव्या मणक्यापर्यंत या नव्या हाडाने नलिकेची जवळजवळ दोन तृतीयांश जागा अडवली होती. उरलेल्या तृतीयांशात आमचे हात, पाय, लेखन आणि चौदा बटणे कशीबशी तग धरून होती.

आजारी माणूस आपल्या आजाराचे गोत्र शोधू लागतो, आम्हीही शोधले. लंडनमध्ये १८३८ साली या स्थितीची पहिली नोंद झाली. परंतु तिचा खरा अभ्यास केला तो जपानी वैद्यांनी. १९६० साली त्सुकिमोतो या वैद्याने शवविच्छेदनात हा विकार दाखवून दिला. पुढे तेथे केलेल्या पाहण्यांत तिशी ओलांडलेल्यांपैकी १.९ ते ४.३ टक्के लोकांच्या मानेत तो आढळला, म्हणून बरीच वर्षे त्याला ‘जपानी रोग’च म्हणत. १९७५ साली तेथील सरकारने त्याच्या संशोधनासाठी खास समिती नेमली. आपल्याकडेही तो विरळ नाही. फक्त तो ‘वात’, ‘मणक्यात गॅप’ अशा नावांखाली लपून राहतो. पुरुषांत तो बायकांच्या साधारण दुप्पट. मधुमेह आणि स्थूलपणा यांच्याशी त्याचा संबंध आहे आणि रक्ताच्या नात्यांत तो अधिक दिसतो. त्यावर औषध नाही. झालेले हाड कोणत्याही गोळीने, लेपाने वा मालिशीने विरघळत नाही.

एक शोध आम्हांला विशेष हृद्य वाटला. ज्यांच्या मानेत हे हाड आहे पण मज्जारज्जूची लक्षणे नाहीत अशा लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून, तीस वर्षांनंतरही त्यांतील ७१ टक्के लक्षणांपासून मुक्त राहतात असा निष्कर्ष मात्सुनागा या वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडला. हे काम कागोशिमाच्या विद्यापीठातील. संत फ्रान्सिस झेविअर १५४९ च्या एप्रिलात गोव्याहून निघून त्याच वर्षी १५ ऑगस्टला ज्या बंदरात उतरले ते हे कागोशिमा. आपल्या वसईची माती त्यांच्या पायांना आधीच लागलेली होती. चार शतकांहून अधिक काळानंतर त्या बंदरातून आमच्या मानेसंबंधीची वार्ता उलट वाटेने आली म्हणायची. वार्ता अर्थात आमच्या सोयीची नव्हती. ते ७१ टक्के लक्षणे नसलेल्यांचे. आमची लक्षणे उघड होती. आमच्यापुढे वाट पाहण्याचा मार्ग उरलेला नव्हता.

मार्ग दोन होते, एक पुढून आणि एक मागून.

पुढून म्हणजे गळ्याच्या सुरकुतीत छेद घेऊन, श्वासनलिका व अन्ननलिका बाजूला सारून मणक्यांपर्यंत पोचायचे. मणक्यांचा मधला भाग व त्यामागचे नवे हाड कोरून काढायचे. रिकाम्या जागी कमरेचे हाड वा टायटॅनियमचा पिंजरा बसवून वरून पट्टी स्क्रूने घट्ट करायची. यात रोगाचे मूळच जाते. परंतु ते हाड कधी कधी मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेले असते, ओढताना आवरण फाटू शकते आणि आतील द्रव झिरपू लागतो. चिकटलेला भाग न ओढता, त्याला चहूबाजूंनी सुटा करून पातळ पापुद्र्यासारखा तरंगता ठेवण्याची युक्तीही जपानी शल्यविशारदांचीच. गिळायला त्रास होतो, तो बहुधा जातो. आणि आवाज बसू शकतो, कारण स्वरयंत्राची नस तेथूनच जाते.

मागून म्हणजे मानेच्या पाठीमागे छेद घेऊन मणक्यांच्या कमानी मोकळ्या करायच्या. पूर्वी त्या सरळ काढूनच टाकीत. पण मग काही वर्षांनी मान पुढे झुकत जाई. म्हणून आता कमानी काढल्यास बाजूंना स्क्रू व सळ्या घालून मान जखडतात. याहून सुंदर कल्पना १९७७ साली तोक्यो येथील केओ विद्यापीठातील हिराबायाशी यांना सुचली. कमान काढायचीच नाही. एका बाजूने ती पूर्ण कापायची, दुसऱ्या बाजूने फक्त पातळ करायची, आणि बिजागरीवर दार उघडावे तशी उघडून ठेवायची. मज्जारज्जू मागे सरकतो, त्याला हवा तेवढा ऐसपैसपणा मिळतो आणि मानेची हालचालही बरीच टिकते. हिराबायाशींनी दार उघडे ठेवण्यासाठी टाके घातले होते. आता बहुधा टायटॅनियमच्या इवल्या पट्ट्या लावतात. या वाटेचेही उणेपण आहे. मूळ हाड आतच राहते व पुढे वाढू शकते. मान दुखत राहते. आणि शंभरातील सुमारे पाच जणांचा खांदा शस्त्रक्रियेनंतर काही काळ दुर्बळ होतो.

निवड रुग्णाच्या मर्जीवर नसते. डॉक्टरांनी आमच्या एक्स-रेवर दुसऱ्या मणक्यापाशी नलिकेच्या मध्यावर एक टिंब काढले, सातव्यापाशी दुसरे, आणि दोहोंना जोडणारी रेषा ओढली. आमचे हाड त्या रेषेच्या मागे आले होते आणि आमची मान पुढच्या बाजूस झुकलेली होती. “दार उघडलं तरी मज्जारज्जू मागे सरकणार नाही,” ते म्हणाले. “तुमची वाट पुढूनच.”

म्हणजे आवाजाच्या वाटेने. धर्मगुरूचा आवाज गेला तर त्याचे काय उरते, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारला नाही. पण त्या रात्री खोलीचे दार लावून आम्ही एक संपूर्ण प्रीफेस मोठ्याने गायलो, याची येथे कबुली देतो. शेजारच्या खोलीतील आमच्या तरुण सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी काहीही विचारले नाही. त्यांचे हे सौजन्य आम्ही विसरणार नाही.

आता खर्चाविषयी. या विषयावर आपण घरी कुजबुजतो आणि चारचौघांत गप्प राहतो. ज्या खाजगी रुग्णालयात आमची शस्त्रक्रिया ठरली त्यांनी एका कागदावर अंदाज दिला, चार लाख ऐंशी हजार. त्यात पिंजरा, पट्टी व स्क्रू पंच्याऐंशी हजारांचे. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे संदेश तपासत राहणाऱ्या यंत्राचे व तंत्रज्ञाचे पस्तीस हजार. शस्त्रक्रियागृह, भूल, दोन दिवस अतिदक्षता, औषधे, आणि शल्यविशारदांचे मानधन. मानधनाच्या रकान्यापुढे तीन आकडे होते. जनरल वॉर्डात राहिलात तर एक, दोन खाटांच्या खोलीत दुसरा, स्वतंत्र खोलीत तिसरा. तोच हात, तेच शस्त्र, तीच मान. केवळ खाटेभोवतीच्या भिंती वाढल्या म्हणजे हाताचे मोल वाढते. याचा अर्थ आम्ही तेथील लिपिकाला विचारला. तो चांगला मुलगा होता. “सिस्टिमच तशी आहे, फादर,” तो म्हणाला. आम्ही जनरल वॉर्ड मागितला. तो आम्हांला मिळाला नाही. आमचे धर्मबंधू व नातलग यांना तो रुचला नाही. शेवटी दोन खाटांची खोली ठरली.

पैसे धर्मप्रांताच्या वैद्यकीय निधीतून आले. आम्हांला एक रुपयाही शोधावा लागला नाही. निदानापासून एकविसाव्या दिवशी आम्ही शस्त्रक्रियेच्या मेजावर होतो. हा दिवसांचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण येथून पुढे आमच्या धर्मग्रामातील दुसऱ्या एका मानेची कथा सुरू होते.

निदान झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही ख्रिस्तप्रसाद देत होतो. रांगेत एक वाडीवाले गृहस्थ आले, साठीच्या अलीकडचे, केळी आणि फुलांची वाडी करणारे. त्यांनी हात पुढे केले. ओस्तिया तळहातावर ठेवल्यावर ती उचलायला त्यांना तीनदा प्रयत्न करावे लागले. ते परत फिरले तेव्हा पाय फाकवून, भरतीच्या होडीत चालावे तसे चालत होते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही याला पाहिलेही नसते. आता आम्ही या खुणांचे विद्यार्थी झालो होतो. दुपारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सांगितले, वात आहे, तालुक्याला मालिशवाल्याकडे जातो, शिवाय न्हावी केस कापल्यावर मान मोडून देतो, बरे वाटते. आम्ही त्यांचा हात धरला आणि आयुष्यात प्रथमच उपदेश न करता हुकूम दिला, की मान मोडून घ्यायची नाही. दाटलेल्या मज्जारज्जूला असा एक झटका पुरतो.

त्यांचा सी.टी. झाला. तोच विकार, दुसऱ्या मणक्यापासून सातव्यापर्यंत सलग. पण त्यांच्या मानेची कमान शाबूत होती आणि हाड त्या रेषेच्या आत होते. दाराची शस्त्रक्रिया त्यांना लागू पडत होती. खाजगी अंदाज आला साडेतीन लाख. त्यांच्या वाडीला लागून बिल्डरचे फलक उभे आहेत. दोन गुंठे विकायचे मनात आणले तर पैसा महिन्याभरात हाती होता. बाईंनी आम्हांला पडवीत बाजूला घेऊन विचारले, “फादर, तुम्ही सांगा. विकायचं का?”

चर्चमध्ये वर्गणी काढू म्हटले, तर गृहस्थांनी मान हलवली (हलेल तितकी). पेटीतले पैसे नकोत. मग आम्ही सल्ला दिला. जमीन विकू नका, मुंबईच्या महापालिका रुग्णालयात जा. तेथील हातांवर आमचा विश्वास होता व आहे. आमच्या शल्यविशारदांनीही आपण हे कसब अशाच एका रुग्णालयात शिकल्याचे सांगितले होते. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना होती. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेची कुटुंबामागील मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला होता. सल्ला शहाणपणाचा होता. आजही तो शहाणपणाचाच होता असे आम्हांला वाटते, निदान दिवसा तरी.

योजनेच्या खिडकीपाशी अडले ते आडनाव. आपली आडनावे पोर्तुगीजांनी दिली आणि लिहायची कशी ते कुणी सांगितले नाही. गृहस्थांचे आडनाव रेशनकार्डावर एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या. आरोग्यमित्र म्हणाला, दोन्ही एकाच माणसाचे असल्याचा पुरावा आणा. बाई स्नानसंस्काराचा दाखला मागायला आमच्याकडे आल्या. आम्ही १९६५ ची वही काढली. आमच्या पूर्वसुरींनी लॅटिन वळणाच्या सुरेख अक्षरात ते आडनाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहून ठेवले होते! दाखला लिहायला बसलो तर आमच्याच हाताने चौथी तऱ्हा होईल अशी भीती. शेवटी सहकाऱ्यांनी लिहिला, आम्ही खाली कशीबशी सही केली. प्रतिज्ञापत्र, तहसील कचेरी, पुन्हा आरोग्यमित्र यांत सात आठवडे गेले. त्यानंतर रुग्णालयाची प्रतीक्षायादी. त्यांना तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची.

मधल्या काळात आमची शस्त्रक्रिया पार पडली. आमची मान मागे करता येत नसल्याने जागेपणीच नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून श्वासाची वाट केली. तेवढे एक आम्ही कुणालाही आनंदाने सांगणार नाही. दोन ठिकाणी हाड आवरणाला चिकटलेले निघाले, तेथे पापुद्रा तरंगता ठेवला. अंतिम बिल झाले पाच लाख बारा हजार. शुद्धीवर आल्यावर परिचारिकेने नाव विचारले, आणि आमच्या तोंडून जो आवाज निघाला तो गंजलेल्या रहाटाचा होता.

पाचव्या दिवशी रुग्णालयातील समाजसेविका आमच्या खाटेपाशी आल्या. त्या आमच्याच पंचक्रोशीतील. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की हे रुग्णालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुरतो. गरज पडल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते. ज्या इमारतीत आम्ही दोन खाटांच्या खोलीत निजलो होतो त्याच इमारतीत, तीन मजले खाली, वाडीवाल्या गृहस्थांसाठी कदाचित एक खाट होती. प्रवेशद्वाराशी तसा फलकही होता म्हणे. आम्ही त्या दारातून चारदा आतबाहेर केले होते. फलक वाचला नाही. अंदाजपत्रक देणाऱ्या लिपिकाने सांगितले नाही हे खरे. पण आम्ही विचारलेही नव्हते. आमची सोय झालेली होती.

आवाज नसल्याने आम्ही एका कागदावर लिहिले, “त्यांचे नाव आजच घाला.” समाजसेविकांना ते अक्षर वाचता आले नाही, दुसऱ्यांदा लिहावे लागले. अर्ज गेला, उत्पन्नाचा दाखला मागितला गेला, पुन्हा तहसील कचेरी आली. तो दाखला हाती येण्यापूर्वी, एका सकाळी, गृहस्थ विहिरीच्या काठच्या शेवाळावरून घसरले. उंचावरून नव्हे, उभ्याउभ्या बसले एवढेच. निरोगी माणूस धोतर झटकून उठला असता. ते उठले नाहीत. पाय होते, पण त्यांना ऐकू येत नव्हते, असे त्यांनीच मागून आम्हांला सांगितले.

त्याच दिवशी त्यांना महापालिका रुग्णालयात हलवले. दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली. एका तरुण शल्यविशारदाने चार तास उभे राहून पाच कमानींची दारे उघडली. योजनेत पैसे बसले. घरच्यांचा खर्च तरीही चुकला नाही. बाहेरून केलेला एम.आर.आय., कॉलर, बाईंचा व धाकट्या दिरांचा चार आठवडे येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च, वाडीत लावलेला गडी, सुकलेली फुले, आणि नंतरच्या फिजिओथेरपीच्या फेऱ्या. बाईंनी वहीत मांडलेली बेरीज आम्ही पाहिली. ती अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेली होती. आमच्या पाच लाख बारा हजारांपुढे ती किती, असा प्रश्न आम्हांला कुणी विचारील तर उत्तर असे, की आमचे पाच लाख आमच्या खिशातून गेले नव्हते.

आम्ही आमच्या शल्यविशारदांना विचारले. आवाज तोवर परत येऊ लागला होता; पुरता यायला सात आठवडे लागले. त्यांची शस्त्रक्रिया आमच्यासारखी एकविसाव्या दिवशी झाली असती तर? डॉक्टर प्रामाणिक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “शस्त्रक्रिया झाली असती तर त्या पडण्याने बहुतेक एवढं झालं नसतं. पण पडणं कुणाच्या यादीत नसतं, फादर.” पहिल्या वाक्यात त्यांनी आम्हांला उत्तर दिले आणि दुसऱ्यात सवलत. सवलत घ्यावी की नाही हे आम्ही अजून ठरवलेले नाही.

गृहस्थ आता काठीने चालतात. हातांत बळ परतले आहे, उजव्या पायात अर्धे. ही शस्त्रक्रिया मुख्यत्वे अधोगती थांबवण्यासाठी असते. गेलेले किती परतेल हे मज्जारज्जू किती काळ व किती दाबला गेला होता यावर ठरते, आणि जे परतायचे ते बहुतेक पहिल्या वर्षभरात परतते. आमचे चालणे सुधारले, मूठ दहा सेकंदांत एकोणीस वेळा उघडमीट होते. डाव्या हाताची दोन बोटे मात्र अद्याप मोज्यांतच आहेत. झग्याची वरची तीन बटणे आमचे सहकारी लावून देतात. पहिल्या दिवशी दोघांनाही संकोच वाटला होता.

विहिरीच्या प्रसंगानंतर बाईंनी आम्हांला कधी दोष दिला नाही. एकदा पडवीत चहा देताना एवढेच म्हणाल्या, “दोन गुंठे गेले असते तर गेले असते, फादर.” आम्ही चहा प्यायलो. बशी धरताना आमचा हात हलला, तेव्हा त्यांनीच ती खालून सावरली.

आता प्रश्न त्यांच्या धाकट्या दिरांचा आहे. वय सत्तेचाळीस, टेम्पो चालवतात, साखर वाढलेली. रक्ताच्या नात्यांत हा विकार अधिक दिसतो हे आम्ही त्यांना तीनदा सांगितले. तिन्ही वेळा त्यांनी हसून दोन्ही हातांची बोटे आमच्यापुढे भरभर नाचवून दाखवली. हातात काही नसेल तर उत्तमच, आम्ही म्हणालो, एकदा डॉक्टरांपुढे एका रेषेवर चालून तर दाखवा. लक्षणे नसली तर कापाकापीही नाही. वर्षाकाठी एक तपासणी, साखर ताब्यात, आणि न्हाव्याला मान मोडू न देणे, एवढेच. गेल्या रविवारी ते कबूल झाले. सोमवारी सकाळी साडेसातला निघायचे आहे. टेम्पो तेच चालवणार, कारण आमची मान अजून मागची गाडी पाहण्याइतकी वळत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आम्ही या खेपेस आधीच भरून ठेवला आहे. आडनाव कसे लिहायचे हे त्यांच्या रेशनकार्डावरून दोनदा पडताळून पाहिले.